काठिण्यदर्शक इंग्रजी विशेषणांतील अर्थभेद : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्तरावरील इंग्रजीच्या अध्यापनात समानार्थी शब्दांच्या यादीला एक प्रतिष्ठा प्राप्त झालेली आहे. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी, मार्गदर्शिकांमध्ये आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी छापलेल्या पुस्तकांत अशा याद्या हमखास आढळतात. 'डिफिकल्ट' या शब्दासमोर 'हार्ड', 'टफ', 'आर्ड्युअस', 'ऑनरस', 'स्ट्रेन्युअस', 'लॅबोरिअस' असे शब्द स्वल्पविरामाने विभक्त करून मांडलेले असतात आणि त्या सर्वांसमोर मराठीत एकच शब्द असतो : 'कठीण'. फार तर 'अवघड' हा आणखी एक. विद्यार्थी ही यादी पाठ करतो, आणि यादीतील कोणताही शब्द कोणत्याही ठिकाणी वापरण्याची मुभा आपल्याला मिळाली आहे, असे समजतो.

प्रस्तुत लेखाचे निमित्त वर्गातीलच आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या सराव परीक्षेत नोकरीसाठी अर्ज लिहिण्याचा प्रश्न होता. 'मी कष्टाळू आहे' हे सांगण्यासाठी एका विद्यार्थ्याने स्वतःला 'हार्ड मॅन' म्हटले, तर दुसऱ्याने 'लॅबोरिअस पर्सन'. प्रस्तुत लेखकाने दोघांचाही प्रत्येकी एक गुण कापला. दुसरा विद्यार्थी कोश घेऊनच भेटावयास आला आणि म्हणाला, "सर, कोशात तर याचा अर्थ कष्टाळू असाही दिला आहे. मग माझा गुण का गेला?" त्यावर 'असे म्हणत नाहीत' एवढेच उत्तर त्या वेळी देता आले. हे उत्तर चुकीचे नव्हते. परंतु ते स्पष्टीकरणही नव्हते. ज्या भेदासाठी आपण गुण कापतो तो भेद आपल्याला सांगता आला पाहिजे, ही अध्यापकाची किमान जबाबदारी होय. त्या जबाबदारीच्या जाणिवेतून ही चिकित्सा केलेली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. काठिण्यदर्शक सात प्रमुख इंग्रजी विशेषणांच्या अर्थक्षेत्रांचा शोध घेणे.
२. हे शब्द केवळ तीव्रतेच्या कमीअधिकपणाने वेगळे होतात, या रूढ समजुतीची तपासणी करणे.
३. मराठीतील पर्यायी शब्दसंपत्तीच्या आधारे हे भेद अध्यापनात कसे मांडता येतील, याचा विचार करणे.

समानार्थता : पूर्वसूरींची भूमिका

समानार्थी शब्दांमध्ये भेद असतो, हा विचार नवा नाही. फ्रान्समध्ये आबे जिरार यांनी १७१८ मध्ये फ्रेंच समानार्थी शब्दांवरील ग्रंथ प्रसिद्ध करून या अभ्यासाला शिस्त आणली. इंग्रजीत हेस्टर लिंच पिओत्झी यांचा ग्रंथ १७९४ मध्ये आणि जॉर्ज क्रॅब यांचा ग्रंथ १८१६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८५२ मध्ये पीटर मार्क रॉजे यांचा 'थिसॉरस' प्रकाशित झाला आणि चित्र काहीसे पालटले. जिरार व क्रॅब यांचा भर शब्दांना एकमेकांपासून विलग करण्यावर होता. रॉजे यांनी शब्दांना कल्पनेनुसार एकत्र आणले. त्यांचा हेतू लेखकाला आठवत नसलेला शब्द सापडावा हा होता. दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत असे त्यांना सुचवावयाचे नव्हते. परंतु पुढे शालेय याद्यांनी रॉजे यांची मांडणी उचलली आणि त्यांचा हेतू मागे ठेवला, असे म्हणावे लागते.

फ्रेंच भाषाभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मधील आपल्या अर्थविज्ञानविषयक ग्रंथात विभाजनाचे तत्त्व मांडले. दोन शब्द एकाच अर्थाने भाषेत आले, तर भाषक समाज कालांतराने त्यांची कामे वाटून देतो, असे या तत्त्वाचे स्वरूप आहे. घरात दोन भाऊ एकच काम करीत असतील तर पुढे एक शेताकडे व दुसरा बाजाराकडे पाहू लागतो, तसाच हा प्रकार. इंग्रजीला हे तत्त्व विशेष लागू पडते. कारण या भाषेत मूळच्या जर्मानिक शब्दांच्या शेजारी फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेले शब्द येऊन बसले आणि त्यांच्यात कामाची वाटणी होणे अपरिहार्य ठरले.

आपल्याकडेही हा विचार अपरिचित नाही. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या घटकांची गणना केली आहे. साहचर्य, प्रकरण, अन्य शब्दाचे सान्निध्य, औचिती हे त्यांपैकी काही घटक होत. अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ ठरविण्यासाठी त्याने ते सांगितले असले, तरी समानार्थी शब्दांचे भेद पाहण्यासाठीही त्यांचा उपयोग होतो. विसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटिश भाषाभ्यासक जे. आर. फर्थ यांनी शब्दाची ओळख त्याच्या नित्याच्या सोबत्यांवरून पटते, हे सूत्र मांडले. दोन विचारांचे संदर्भ भिन्न आहेत; तथापि शब्द एकटा पाहू नये, हा दोहोंचा इशारा समान आहे. प्रस्तुत विवेचनात हीच पद्धती अवलंबिलेली आहे.

क्रॅब यांच्या भूमिकेची चिकित्सा

क्रॅब यांनी 'हार्ड', 'डिफिकल्ट' आणि 'आर्ड्युअस' हे तीन शब्द एकत्र घेऊन त्यांचा विचार केला. त्यांच्या मते 'डिफिकल्ट' हा शब्द केवळ सोपेपणाचा अभाव दर्शवितो, तर 'हार्ड' हा प्रत्यक्ष कठीणपणा दर्शवितो. म्हणून 'हार्ड' अधिक तीव्र होय. या मांडणीचा आधार व्युत्पत्ती हा आहे. लॅटिनमध्ये 'फाकिलिस' म्हणजे सहज करता येण्याजोगे, आणि त्याला अभावदर्शक 'डिस' हा उपसर्ग लागून 'डिफिकिलिस' हा शब्द सिद्ध झाला. मूळ धातू 'करणे' या अर्थाचा आहे. आपल्याकडील 'दुष्कर' हा शब्द या रचनेच्या अगदी जवळ येतो. मात्र संस्कृत 'दुस्' आणि लॅटिन 'डिस' हे उपसर्ग सगोत्र नाहीत. 'दुस्'चे नाते ग्रीक 'दुस्' या उपसर्गाशी आहे. साम्य रचनेचे आहे, वंशाचे नव्हे.

क्रॅब यांची दृष्टी सूक्ष्म आहे, यात शंका नाही. परंतु त्यांचा निष्कर्ष आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. शल्यचिकित्सक एखाद्या शस्त्रक्रियेला 'डिफिकल्ट' म्हणतो, तेव्हा ती 'सोपी नाही' एवढेच त्याला म्हणावयाचे नसते. मुळातील नकार आता कोणाला ऐकू येत नाही. शब्दाचा जन्म हा त्याच्या आजच्या वर्तनाचा पुरावा नव्हे. तसेच, 'हार्ड' अधिक तीव्र आणि 'डिफिकल्ट' कमी तीव्र, अशी शिडी मांडली की विद्यार्थ्याला वाटते, सर्व शब्द एकाच रेषेवर उभे आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते या शब्दांतील मुख्य भेद प्रमाणाचा नसून स्थानाचा आहे. काठिण्य नेमके कोठे वसते, हा प्रश्न विचारला की भेद उलगडू लागतात.

विशेषणांचे अर्थविवेचन

(अ) हार्ड : हा जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला जर्मानिक शब्द. त्याचा भौतिक अर्थ टणक असा आहे आणि तो आजही जिवंत आहे. दगड 'हार्ड' असतो. प्रश्नही 'हार्ड' असतो. संस्कृत व मराठी 'कठीण' या शब्दानेही नेमका हाच प्रवास केला आहे. स्पर्शाला टणक असलेली वस्तू आणि बुद्धीला दाद न देणारा प्रश्न यांच्यासाठी दोन दूरच्या भाषांनी एकच रूपक निवडावे, ही लक्षणीय गोष्ट होय. या शब्दातील काठिण्य वस्तूच्या न नमण्यात आहे. म्हणूनच हाच शब्द निष्ठुरतेकडेही सहज वळतो. चार्ल्स डिकन्स यांच्या १८५४ मधील 'हार्ड टाइम्स' या कादंबरीच्या शीर्षकात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी कार्यरत आहेत. काळ हालअपेष्टांचा आहे, तसाच तो वस्तुस्थितीपलीकडे काहीही न मानणाऱ्या, कल्पनेला थारा न देणाऱ्या ग्रॅडग्राइंडच्या तत्त्वज्ञानाचाही आहे. 'कठीण काळ' असे भाषांतर केले तर पहिला अर्थ पोहोचतो, दुसरा वाटेत राहतो. 'कठोर काळ' केले तर याच्या उलट घडते.

(आ) टफ : हाही जर्मानिक कुळातील शब्द, परंतु त्याचा भौतिक अर्थ टणक नसून चिवट असा आहे. काच 'हार्ड' आहे, पण 'टफ' नाही, ती फुटते. कातडे 'टफ' आहे. ते वाकते, ताणले जाते, पण तुटत नाही. नीट न शिजलेले मटण इंग्रजीत 'टफ' असते आणि मराठीत 'चिवट' असते. पदार्थविज्ञान व अभियांत्रिकी शाखांतील सहकाऱ्यांना हा भेद परिचित आहेच, कारण त्यांच्या परिभाषेत कठिणता आणि चिवटपणा हे पदार्थाचे दोन स्वतंत्र गुणधर्म मानले जातात. काठिण्याच्या अर्थाने वापरतानाही 'टफ' हा शब्द झुंज सुचवितो. सामना 'टफ' असतो, वाटाघाटी 'टफ' असतात, प्रतिस्पर्धी 'टफ' असतो. समोर कोणीतरी दाद न देता टिकून आहे, ही जाणीव त्यात असते. बोलीशी जवळीक असल्यामुळे औपचारिक लेखनात तो जपून वापरावा लागतो.

(इ) डिफिकल्ट : वरील दोन शब्दांत काठिण्य वस्तूच्या गुणात होते, येथे ते कर्ता आणि कार्य यांच्या संबंधात येते. कौशल्य, ज्ञान किंवा विवेक कमी पडतो तेव्हा कार्य 'डिफिकल्ट' होते. पियानोवरील एखादी रचना 'डिफिकल्ट' असते, पण ती वाजविताना दमछाक होईलच असे नाही. निर्णय 'डिफिकल्ट' असतो, पण त्यासाठी घाम गाळावा लागत नाही. शंभर पोती उतरविणे हे 'हार्ड वर्क' होय. त्याला सहसा 'डिफिकल्ट वर्क' म्हणत नाहीत, कारण ते कसे करावे हे सर्वांना माहीत असते. मराठीत 'अवघड' हा शब्द बहुतेक ठिकाणी या अर्थाला पुरा पडतो. अवघड वळण, अवघड प्रसंग, अवघडलेली स्थिती या प्रयोगांत जुळवून घेण्याची अडचण आहे, श्रमाची नव्हे.

(ई) आर्ड्युअस : लॅटिन 'आर्दुउस' म्हणजे उंच, चढणीचा. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला. आज प्रत्यक्ष चढाचा अर्थ मागे पडला असला, तरी दीर्घकाळ, सातत्याने, वर चढत जाण्याची जाणीव त्यात टिकून आहे. प्रवास, मोहीम, प्रशिक्षण, एखाद्या कोशाचे अनेक वर्षे चाललेले संपादन ही त्याची नित्याची सोबत. क्षणभराच्या कामाला तो लागत नाही. परीक्षेतील दोन गुणांचा प्रश्न 'डिफिकल्ट' असू शकतो, 'आर्ड्युअस' नव्हे. मराठीतील 'खडतर' हा शब्द येथे नेमका बसतो. आपण 'खडतर वाटचाल', 'खडतर तपश्चर्या' म्हणतो. 'खडतर गणित' म्हणत नाही.

(उ) स्ट्रेन्युअस : लॅटिन 'स्ट्रेनुउस' म्हणजे चपळ, उद्यमी, जोमदार. हा शब्द मुळात काठिण्याचा नव्हेच; तो कर्त्याच्या जोमाचा आहे. व्यायाम 'स्ट्रेन्युअस' असतो तेव्हा तो शरीराची सर्व शक्ती मागतो. विरोध 'स्ट्रेन्युअस' असतो तेव्हा तो कठीण नसून जोरदार असतो. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८९९ मध्ये शिकागो येथे 'द स्ट्रेन्युअस लाइफ' या शीर्षकाने प्रसिद्ध झालेले भाषण केले. त्यांनी त्या जीवनाचा पुरस्कार केला होता, त्याविषयी तक्रार केली नव्हती. यादीतील अर्थ घेऊन कोणी या शीर्षकाचे 'कठीण जीवन' असे भाषांतर केले, तर भाषणाचा रोखच उलटा होईल. 'उद्यमशील जीवन' किंवा 'पराक्रमी जीवन' हे पर्याय अधिक योग्य ठरतील.

(ऊ) लॅबोरिअस : श्रमवाचक लॅटिन शब्दापासून आलेला हा शब्द. येथे काठिण्य श्रमाच्या राशीत आणि संथपणात आहे. एकेक नोंद हाताने उतरविणे, हजारो उत्तरपत्रिकांच्या गुणांची बेरीज पडताळणे ही कामे 'लॅबोरिअस' होत. त्यांत बुद्धीची कसोटी नाही, शरीराची दमछाकही नाही. पण चिकाटीचा अंत पाहिला जातो. लेखनशैलीला हा शब्द लावला तर तो दोष ठरतो : लेखकाचे कष्ट वाचकाला दिसत राहतात, असा त्याचा अर्थ होतो. हा शब्द व्यक्तीला लावण्याची प्रथा पूर्वी होती. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात उद्योगी, मेहनती हा अर्थ नोंदविलेला आहे. म्हणजे ज्या विद्यार्थ्याचा गुण कापला गेला, त्याचा प्रयोग अठराव्या शतकात बरोबर ठरला असता. कोशाने त्याला खोटे सांगितले नव्हते. फक्त तो अर्थ कोणत्या काळाचा, हे सांगितले नव्हते.

(ए) ऑनरस : लॅटिन 'ओनुस' म्हणजे ओझे. या शब्दातील काठिण्य कार्यात नसून कार्य अंगावर येण्यात आहे. कर्तव्य, अट, कर, करारातील कलम ही त्याची सोबत. काम अगदी सोपे असूनही 'ऑनरस' असू शकते. दर आठवड्याला चार प्रतींत माहिती भरून पाठविण्याची सक्ती हे त्याचे उदाहरण. माहिती भरणे अवघड नाही, पण सक्ती जाचक आहे. मराठीत 'जाचक अट' हा प्रयोग इतका रुळलेला आहे की 'ऑनरस'चा अर्थ शिकविण्यासाठी अन्य उदाहरणाची गरज भासू नये. तरीही याद्यांमध्ये त्याच्यासमोर 'कठीण' हाच शब्द छापला जातो, हे आश्चर्य होय.

प्रयोगाच्या दोन कसोट्या

वरील विवेचन केवळ मनाच्या अनुमानावर आधारलेले नाही, हे दाखविण्यासाठी दोन कसोट्या उपयोगी पडतात.

पहिली कसोटी व्यक्तिवाचक नामाची. 'डिफिकल्ट मॅन' म्हणजे ज्याच्याशी जुळवून घेणे अवघड, असा हेकट माणूस. 'हार्ड मॅन' म्हणजे कठोर, दयामाया नसलेला माणूस. 'टफ मॅन' म्हणजे काटक, सहजासहजी न खचणारा माणूस. तीन 'समानार्थी' शब्दांनी तीन वेगळी माणसे उभी केली. त्यांपैकी एक निंदेस, एक भीतीस आणि एक बहुधा कौतुकास पात्र आहे. 'आर्ड्युअस' आणि 'ऑनरस' ही विशेषणे माणसाला लागतच नाहीत. 'लॅबोरिअस' आज लागत नाही. 'स्ट्रेन्युअस' लागले तर ते उत्साही, जोमदार समर्थक किंवा विरोधक अशा कर्तृत्ववाचक नामाला लागते. शब्द खरोखर समानार्थी असते तर हे घडले नसते. ज्या विद्यार्थ्याने नोकरीच्या अर्जात स्वतःला 'हार्ड मॅन' म्हटले, त्याने नकळत आपण निष्ठुर असल्याचे कळविले होते. 'हार्ड-वर्किंग' हा शब्द त्याच्यापासून एका पावलावर होता.

दुसरी कसोटी वाक्यरचनेची. 'हे पुस्तक वाचायला कठीण आहे' या धर्तीच्या इंग्रजी रचनेत जे वाक्याचे कर्तृपद दिसते, तेच आतील क्रियापदाचे कर्म असते. १९६० च्या दशकात नोम चॉम्स्की यांनी वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन वाक्यांच्या तुलनेतून या रचनेकडे लक्ष वेधले, आणि पुढे भाषाशास्त्रात ती 'टफ' रचना या नावानेच ओळखली जाऊ लागली. 'हार्ड', 'टफ' आणि 'डिफिकल्ट' या रचनेत विनासायास बसतात. 'त्याला खूश करणे कठीण' हे या तिन्ही विशेषणांनी सांगता येते. तेथे 'आर्ड्युअस' किंवा 'ऑनरस' घातले तर वाक्य कानाला खटकते. ही विशेषणे क्रियावाचक वा कर्तव्यवाचक नामाशेजारीच रमतात. यावरून असे दिसते की, पहिली तीन विशेषणे काठिण्याची सर्वसाधारण विधाने करू शकतात; उर्वरित चार काठिण्याचा विशिष्ट प्रकार सांगतात.

एकाच प्रसंगाला ही विशेषणे लावून पाहिली असता भेद अधिक स्पष्ट होतो. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी व तेनसिंग नोर्गे यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. शिखराजवळचा सुमारे ४० फुटांचा उभा टप्पा पार करण्यास गिर्यारोहणाचे कौशल्य लागले; तो 'डिफिकल्ट'. तळापासून शिखरापर्यंतची कित्येक आठवड्यांची वाटचाल 'आर्ड्युअस'. विरळ हवेत ओझी वाहणे 'स्ट्रेन्युअस'. पायाखालचा बर्फ 'हार्ड', आणि ते दोघे गिर्यारोहक 'टफ'. मोहिमेच्या साहित्याची एकेक नग मोजून नोंद ठेवणे हे काम कोणाला तरी करावे लागतेच, ते 'लॅबोरिअस'. आणि अशा मोहिमेवर परवान्याच्या जाचक अटी लादल्या गेल्या, तर त्या 'ऑनरस' ठरतील. प्रसंग एकच, पण एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवता येत नाही.

कायद्याच्या भाषेतील साक्ष

हा भेद केवळ साहित्यिक रुचीचा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यासाठी कायद्याच्या भाषेकडे पाहणे उद्बोधक ठरते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२७ मध्ये 'ऑनरस' दानाची तरतूद आहे. एकाच हस्तांतरणाने अनेक वस्तू दान दिल्या आणि त्यांपैकी एकीवर दायित्वाचे ओझे असेल, तर घेणाऱ्याला दान संपूर्ण स्वीकारावे लागते. चांगले तेवढे घेऊन ओझे नाकारता येत नाही. कायद्यातील दृष्टांतही बोलका आहे. एका भरभराटीच्या कंपनीचे आणि एका अडचणीत आलेल्या कंपनीचे असे दोन्ही भाग एकत्र दान दिले आहेत; दुसऱ्या कंपनीच्या भागांवर मोठ्या रकमांची मागणी होण्याचा संभव आहे; घेणारा ते भाग नाकारतो; म्हणून त्याला पहिल्या कंपनीचे भागही मिळत नाहीत. येथे कंपनी 'डिफिकल्टीज'मध्ये आहे, दान मात्र 'ऑनरस' आहे. अडचण कंपनीची, ओझे घेणाऱ्याचे. दोन्हींचे भाषांतर 'कठीण' या एकाच शब्दाने केले, तर कलमाचा मथळाच निरर्थक होईल.

दुसरे उदाहरण शिक्षेचे. भारतीय दंड संहिता, १८६० च्या कलम ५३ ने कारावासाचे दोन प्रकार केले होते. त्यांपैकी 'रिगरस' प्रकाराचे स्पष्टीकरण 'हार्ड लेबर'सह, असे दिले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्येही हीच विभागणी कायम आहे. मराठीने यासाठी 'सक्तमजुरी' हा शब्द फार पूर्वीच रूढ केला; 'कठीण मजुरी' असे कोणी म्हटले नाही. 'हार्ड' या शब्दातील सक्तीची छटा कोर्टकचेरीच्या भाषेने अचूक हेरली होती. जे कारकुनांना व वकिलांना साधले, ते आपल्या याद्यांना साधू नये, ही खेदाची बाब होय.

मराठीचे साह्य आणि द्विभाषिक कोशांची उणीव

मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून मराठीत द्विभाषिक कोशरचनेची समृद्ध परंपरा आहे. प्रस्तुत टीका त्या परंपरेवर नसून, विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या संक्षिप्त कोशांवर व मार्गदर्शिकांवर आहे. जागा वाचविण्यासाठी या पुस्तकांतून प्रथम उदाहरणे गाळली जातात. वस्तुतः शब्दाची सोबत उदाहरणातच दिसते. परिणामी 'कठीण' या एका शब्दाच्या छत्राखाली सात शब्द कोंबले जातात.

मराठीकडे शब्द नाहीत, अशी स्थिती मुळीच नाही. कठीण, अवघड, बिकट, खडतर, चिवट, किचकट, क्लिष्ट, जाचक, जिकिरीचे, कष्टसाध्य, दमछाक करणारे, दुर्गम, दुस्तर अशी विपुल शब्दसंपत्ती आपल्यापाशी आहे, आणि प्रत्येकाची सोबत ठरलेली आहे. हिशेब किचकट असतो, परिस्थिती बिकट असते, भाषा क्लिष्ट असते, प्रदेश दुर्गम असतो. ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी हे भेद घरातूनच शिकून येतो. 'बिकट मटण' किंवा 'चिवट हिशेब' असे तो चुकूनही म्हणणार नाही. म्हणजे समानार्थी शब्दांतील भेद ओळखण्याची क्षमता त्याच्यात आहे. तिचा उपयोग इंग्रजीच्या तासाला आपण करून घेत नाही. इंग्रजी चांगली यावी म्हणून मराठी वर्गाबाहेर ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी या बाबीचा पुनर्विचार करावयास हवा.

अर्थात, मराठी शब्द इंग्रजी शब्दाला सर्वत्र तंतोतंत जुळतो, असा दावा येथे नाही. 'खडतर' या शब्दाला नशिबाचीही सोबत चालते. 'आर्ड्युअस'ला ती चालत नाही. 'चिवट' मराठीत रोगालाही लागतो आणि कार्यकर्त्यालाही. 'टफ'चा पसारा वेगळा आहे. मराठी शब्द हा दार उघडण्यापुरता उपयोगी. आत गेल्यावर इंग्रजी उदाहरणांचाच आधार घ्यावा लागतो.

मर्यादा

या विवेचनास काही मर्यादा आहेत. 'हार्ड' हा शब्द इतका व्यापक आहे की तो अन्य बहुतेक विशेषणांच्या क्षेत्रात शिरकाव करतो, आणि पुष्कळ वाक्यांत 'हार्ड' व 'डिफिकल्ट' यांची अदलाबदल केल्याने औपचारिकतेपलीकडे फारसा फरक पडत नाही. तेथे विद्यार्थ्याला चूक ठरविणे अन्यायाचे होईल. तसेच 'चॅलेंजिंग', 'डिमांडिंग', 'फॉर्मिडेबल' यांसारख्या विशेषणांचा विचार येथे केलेला नाही. त्यांपैकी 'चॅलेंजिंग' हा शब्द आज प्रशासनाच्या व शिक्षणक्षेत्राच्या भाषेत अडचणीवर पांघरूण घालण्यासाठी वापरला जातो आणि मराठीतील 'आव्हानात्मक' हा शब्दही त्याच मार्गाने निघाला आहे. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल.

निष्कर्ष

१. काठिण्यदर्शक इंग्रजी विशेषणे ही एकाच मोजपट्टीवरील कमीअधिक अंश नाहीत. 'हार्ड' व 'टफ' वस्तूच्या वा प्रतिपक्षाच्या प्रतिकाराकडे, 'डिफिकल्ट' कौशल्याच्या कसोटीकडे, 'आर्ड्युअस' दीर्घ चढणीकडे, 'स्ट्रेन्युअस' जोमाकडे, 'लॅबोरिअस' श्रमाच्या राशीकडे आणि 'ऑनरस' लादलेल्या ओझ्याकडे निर्देश करते.
२. व्युत्पत्ती ही या भेदांची वाट दाखविते, पण निर्णय देत नाही. निर्णय प्रचलित प्रयोगाचा, म्हणजेच शब्दाच्या सोबतीचा असतो.
३. समानार्थी शब्दांची यादी नामासह शिकविली जावी. 'ऑनरस म्हणजे कठीण' असे न सांगता 'ऑनरस अट म्हणजे जाचक अट' असे सांगितले, तर अर्थ आणि प्रयोग एकाच वेळी हाती लागतात.
४. परीक्षेत समानार्थी शब्द सुटा विचारण्याऐवजी वाक्यात विचारला जावा. सुट्या शब्दाला योग्य व अयोग्य असे उत्तरच नसते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या दोन्ही विद्यार्थ्यांचे प्रयोग आजच्या इंग्रजीत चूकच ठरतात, आणि गुण कापण्याचा निर्णय त्या अर्थाने योग्य होता. परंतु तो भेद त्यांना त्याआधी कोणीही शिकविला नव्हता. न शिकविलेल्या गोष्टीची शिक्षा देणे हे अध्यापनाच्या दृष्टीने 'हार्ड' होय. येथे या शब्दाचा मराठी पर्याय 'कठीण' नसून 'कठोर' हा आहे.